पहिल्या ऑर्डरची सूट पाचव्यांदा: ऑनलाइन ऑफरचा गैरवापर कसा रोखायचा

वसमतची हळद, लातूरची तूरडाळ, पैठणी, हिमरू शाल, उन्हाळ्यात केसर आंब्याच्या पेट्या. मराठवाड्यातून हल्ली बरंच काही वेबसाइटवरून विकलं जातं. नवं गिऱ्हाईक यावं म्हणून दुकानदार ‘पहिल्या ऑर्डरवर १५० रुपये सूट’ लावतो. महिन्याअखेरीस ऑर्डरी दुप्पट दिसतात, पण गल्ल्यात काहीच वाढलेलं नसतं. मग नीट बघितलं की कळतं: तेच घर, तोच माणूस, फक्त मोबाइल नंबर पाच.

हा लेख अशा दुकानदारांसाठी आहे, ज्यांच्याकडे पाच-पन्नास जणांची आयटी टीम नाही, एक वेबसाइट आहे आणि ती सांभाळणारा एखादा पोरगा आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ऑफरमधली गळती चोर पकडून फारशी थांबत नाही. ऑफर लिहिताना नियम कसे लिहिले, त्यावर बहुतेक सगळं ठरतं.

आधी एका ऑर्डरचा हिशेब

समजा ८०० रुपयांची ऑर्डर आली. माल ५२० चा, खोकं-टेप-लेबल २२, कुरिअर ७५, पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचे) २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १९. हातात उरले १६४. आता १५० चं कूपन लावा. गिऱ्हाईक ६५० देतं, गेटवेचे १५ जातात, उरतात १८ रुपये. (मालावरचा जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवलाय.) नवं गिऱ्हाईक मिळत असेल तर १८ रुपये चालतील. पण तोच माणूस पाच वेळा ‘नवा’ होऊन आला, तर पुढच्या चार ऑर्डरींत ६५६ च्या जागी ७२ रुपये मिळाले.

आणि त्यातली एक कॅश ऑन डिलिव्हरी असून परत आली तर? जाण्याचे ७५, येण्याचे साधारण तेवढेच, पॅकिंगचे २२, म्हणजे १७२ रुपये पाण्यात. १८ रुपयांच्या जवळपास दहा ऑर्डरींची कमाई एका परत आलेल्या खोक्यात गेली. तुमच्या दुकानाचा हा हिशेब आधी कागदावर मांडा. कुठला गैरवापर किती महाग पडतो ते कळल्याशिवाय कुलूप कुठे लावायचं ते ठरत नाही. ३० रुपयांची चोरी अडवायला २०० रुपयांचा बंदोबस्त करणारेही कमी नाहीत.

ऑफरचा कागद

कोड तयार करण्याआधी एका पानावर एवढं लिहून घ्या: सूट कुणाला, कशावर, किमान किती खरेदीवर, जास्तीत जास्त किती रुपये, किती जणांना, कधीपासून कधीपर्यंत, दुसऱ्या सुटीबरोबर चालेल की नाही, माल परत आला तर काय. त्याखाली एकूण खर्चाची मर्यादा. २०० कूपनं गुणिले १५० म्हणजे ३०,००० रुपये. हा आकडा तुम्हाला झेपत नसेल तर कूपनांची संख्या आत्ताच कमी करा, ऑफर सुरू झाल्यावर नाही.

टक्क्यातली सूट असेल तर कमाल रक्कम लिहायलाच हवी. ‘२० टक्के’ एवढंच लिहिलं की कुणीतरी लग्नाच्या बस्त्याचा ४०,००० चा माल घेतो आणि ८,००० उडतात. ‘२० टक्के, कमाल १५० रुपये’ असं लिहा. ‘एका ग्राहकाला एकदाच’ याऐवजी ‘एका घराला एकदाच, एकच मोबाइल नंबर, पत्ता किंवा पैसे भरण्याचं खातं असेल तर एकच घर धरलं जाईल’ असं लिहिलं, तर नंतर भांडण होत नाही. हा मजकूर मराठीत, पैसे भरण्याच्या पानावर, कोड टाकायच्या चौकटीखालीच दिसू द्या. तळाच्या ‘नियम व अटी’ कुणी उघडत नाही.

कोड बनवताना

‘दिवाळी२०’ सारखा सगळ्यांना एकच कोड ठेवला तर तो सकाळी तुमच्या स्टेटसवर आणि संध्याकाळी कूपनांच्या वेबसाइटवर असतो. सगळ्यांसाठीच सूट असेल तर हरकत नाही. पण ठरावीक लोकांनाच द्यायची असेल तर प्रत्येकाला वेगळा, एकदाच चालणारा कोड द्या.

वेगळे कोड देणारे बरेच जण एक चूक करतात. ‘नवीन’ हा शब्द आणि पुढे तीन आकडे, बस. तीन आकड्यांचे एकूण १,००० प्रकार होतात. तुम्ही २०० कोड वाटले असतील तर अंदाजे टाकलेला दर पाचवा कोड लागतो. याउलट इंग्रजी अक्षरं आणि अंक मिळून ३६ चिन्हं घ्या, त्यांतून गोंधळ करणारी चार काढा (ओ आणि शून्य, आय आणि एक), उरलेल्या ३२ मधून आठ चिन्हांचा कोड संगणकाला अंदाधुंद निवडू द्या. प्रकार होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. १,००० कोड वाटले तरी एक लागायला सरासरी ११० कोटी प्रयत्न लागतील. जोडीला एवढंच करा, की १५ मिनिटांत पाच चुकीचे कोड टाकले की त्या खात्याची कोडची चौकट तासभर बंद.

प्रत्येक वाटेला कोडची सुरुवात वेगळी ठेवा: इन्स्टाग्रामवाल्यांना एक, दुकानातल्या पत्रकाला एक, बिलामागे छापलेला तिसरा. कोड फुटला तर कुठून फुटला ते पहिल्या दोन अक्षरांवरून कळतं, आणि तेवढीच एक वाट बंद करता येते.

वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर दुकान असेल तर हे तपासा:

- सुटीचा प्रकार. ‘फिक्स्ड कार्ट’ म्हणजे पूर्ण बिलावर १०० रुपये. ‘फिक्स्ड प्रॉडक्ट’ म्हणजे प्रत्येक नगावर १००. चुकून दुसरा निवडला आणि कुणी पाच पाकिटं घेतली की ५०० गेले. फसवणूक समजून आपण ज्याच्या मागे लागतो, ती पुष्कळदा हीच चूक असते.
- ‘इंडिव्हिज्युअल यूज ओन्ली’ आणि ‘एक्स्क्लूड सेल आयटम्स’ या दोन्हींवर टिक. नसेल तर सेलमधल्या मालावर वर आणखी कूपन बसतं.
- ‘यूसेज लिमिट पर कूपन’ आणि ‘यूसेज लिमिट पर यूजर’. दुसऱ्यावर फार विसंबू नका. खातं न उघडता खरेदी करणाऱ्याची ओळख तिथे बिलातल्या ईमेलवरून पटवली जाते. ईमेल बदलला की तो नवा माणूस.
- संपण्याची तारीख. टाकलेल्या तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला, म्हणजे तो दिवस सुरू होतानाच कूपन संपतं. २० तारीख पूर्ण मिळायला हवी असेल तर २१ टाका. साइटची वेळ भारतीय नसेल, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर कूपन पहाटे साडेपाचला संपेल. सेटिंग्जमध्ये आधी कोलकाता वेळ निवडा.

शॉपिफाय या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर ‘लिमिट टू वन यूज पर कस्टमर’ आहे, पण तेही ईमेल किंवा फोन नंबरवरच चालतं. तिथलं ‘कॉम्बिनेशन्स’ जरूर बघा. दोन सवलती एकावर एक बसू द्यायच्या की नाही ते तिथे ठरतं.

बसू द्यायच्या असतील तर क्रमही ठरवा. १,००० च्या बिलावर आधी २० टक्के आणि मग १०० कमी केले तर ७०० होतात. आधी १०० आणि मग २० टक्के केले तर ७२०. फरक २० रुपयांचाच आहे, पण पत्रकात एक आणि बिलात दुसरं निघालं की गिऱ्हाईक तुम्हालाच फसवणारे म्हणेल, आणि त्याचं चुकतही नाही.

तोच माणूस आहे हे ओळखायचं कसं

इथेच खरी मेहनत आहे. आणि मराठवाड्यात ती जरा जास्तच आहे.

मोबाइल नंबर ही पहिली खूण. ओटीपी घ्याच. पण एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिमकार्डं कायदेशीर असतात, शिवाय घरात बायको, भाऊ, आई यांचे नंबर आहेतच. म्हणजे ओटीपीने खोटा नंबर अडतो, दुसरा खरा नंबर अडत नाही. नंबर साठवताना +९१, सुरुवातीचं शून्य, मधली मोकळी जागा, हे सगळं काढून फक्त शेवटचे दहा आकडे ठेवा. नाहीतर एकच नंबर तीन तऱ्हेने लिहून तीन गिऱ्हाइकं तयार होतात.

ईमेलमध्ये जीमेलची गंमत लक्षात ठेवा. जीमेल नावातले टिंब मोजत नाही, आणि अधिकच्या चिन्हापुढे काहीही लिहिलं तरी पत्र त्याच पेटीत येतं. एका पत्त्यातून शेकडो ‘नवे’ पत्ते काढता येतात. म्हणून जीमेलचा पत्ता असेल तर टिंब काढून टाका, अधिक चिन्हापासून पुढचं कापा, आणि मग तुलना करा. टिंब काढण्याचा नियम बाकीच्या ईमेल सेवांना लावू नका. तिथे टिंबामुळे खरोखरच दुसरा माणूस असू शकतो.

पत्ता ही सगळ्यात कामाची आणि सगळ्यात घोळाची खूण. एकच घर बघा कसं येतं:

‘घर नं. १२, गल्ली नं. ३, मारुती मंदिराजवळ, औरंगाबाद ४३१००१’
‘१२/३, हनुमान मंदिरासमोर, छ. संभाजीनगर ४३१००१’
‘तिसरी गल्ली, बारा नंबर, संभाजी नगर’

संगणकाला ही तीन घरं वाटतात. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलल्यापासून लोक कधी जुनं लिहितात, कधी नवं, कधी अर्धं. त्यात मराठी-इंग्रजी मिसळ, आणि खेड्यात तर ‘पाण्याच्या टाकीजवळ’ एवढाच पत्ता. म्हणून शब्दांची तुलना करायच्या फंदात पडू नका. हे करा:

पिनकोड सक्तीचा करा आणि शहराचं नाव पिनकोडवरून आपोआप भरू द्या, म्हणजे ४३१००१ टाकलं की छत्रपती संभाजीनगर, ४१३५०१ टाकलं की धाराशिव. घर नंबर आणि गल्ली यांच्या चौकटी वेगळ्या ठेवा. देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदला. मग पिनकोड, पत्त्यातले सगळे आकडे क्रमाने आणि आडनाव एवढ्यांची एक चावी बनवा. वरच्या पहिल्या दोन पत्त्यांची चावी तंतोतंत सारखी निघते. तिसऱ्यात आकडे अक्षरांत लिहिलेत, पण चौकटी वेगळ्या असल्या की तसं लिहिताच येत नाही.

पैसे भरण्याचं खातं ही सगळ्यात भरवशाची खूण. बहुतेक पेमेंट गेटवे यूपीआय आयडी दुकानदाराला दाखवतात. पाच नंबरांवरून आलेल्या पाच ऑर्डरींचे पैसे एकाच यूपीआय आयडीवरून आले असतील तर बोलायला जागाच उरत नाही. एका बँक खात्याला अनेक आयडी जोडता येतात हे खरं, पण सूट खाणारे एवढी तसदी क्वचित घेतात. कार्डाचा पूर्ण नंबर मात्र साठवायचा नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ती मनाई केली आहे. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं, आणि तुलनेला तेवढं पुरतं.

आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, बंदी घालू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात. एक आयपी अडवला की परभणी-हिंगोलीतले कितीतरी भले लोक बाहेर पडतात, आणि लबाड माणूस फोन एअरप्लेन मोडवर टाकून परत चालू करतो, त्याला नवा आयपी मिळतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी नको

आता याच खुणा उलट्या बाजूने बघा. लातूरला नीट-जेईईच्या क्लाससाठी आलेली पोरं एकाच वसतिगृहात चाळीस-चाळीस राहतात. चाळीस ऑर्डरी, एक पत्ता, एक वायफाय. सगळी खरी. खेड्यात एकत्र कुटुंबातले तीन भाऊ, एक घर नंबर, एक आडनाव, पण चुली तीन. आणि गावातला मोबाइलच्या दुकानाचा पोरगा किंवा सेवा केंद्रवाला अख्ख्या गल्लीच्या ऑर्डरी स्वतःच्या फोनवरून टाकतो, पैसेही स्वतःच्याच यूपीआयवरून भरतो, कारण म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही. तो तुमचा चोर नाही. तो तुमचा फुकटचा एजंट आहे.

म्हणून एका खुणेवर कधीही निकाल देऊ नका. गुण द्या. सुरुवातीला हा तक्ता वापरून बघा आणि महिन्याने तुमच्या अनुभवाप्रमाणे बदला:

- आधी कूपन वापरलेलाच यूपीआय आयडी किंवा कार्ड: ४०
- तोच फोन किंवा तोच ब्राउझर: २५
- पत्त्याची चावी तीच: १५
- एका साच्यातले ईमेल, म्हणजे नाव तेच आणि पुढे १, २, ३: १५
- खातं उघडल्यापासून दहा मिनिटांच्या आत ऑर्डर: १०
- बिल किमान मर्यादेला घासून: १०
- कॅश ऑन डिलिव्हरी: १०

चाळीसच्या खाली असेल तर काही विचारू नका. चाळीस ते सत्तरच्या मधल्यांना एक फोन करा, दोन मिनिटांचं काम आहे. सत्तर किंवा वर असेल तर कूपन लागू करू नका. ऑर्डर मात्र अडवायची नाही. ती पूर्ण किमतीला घेऊ द्या. हा फरक महत्त्वाचा आहे. ज्याला माल खरंच हवा आहे तो घेईल, ज्याला फक्त सूट हवी होती तो निघून जाईल, आणि दोन्हींत तुमचं नुकसान नाही. हे सगळं पैसे भरण्याआधी व्हायला हवं. यूपीआय आयडी आधी कळत नसेल तर तो गुण पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवा. पैसे घेऊन मग ‘तुमचं कूपन रद्द’ म्हणून कळवलं की त्याचा स्क्रीनशॉट गावभर फिरतो.

वसतिगृहं आणि सेवा केंद्रं यांची एक छोटी वही ठेवा. त्या पत्त्यांना पत्त्याचे गुण लावायचे नाहीत, आणि ओळखीच्या केंद्रवाल्याला फोनचे आणि यूपीआयचेही नाहीत. त्याला सरळ विचारा आणि दर ऑर्डरमागे ठरावीक पैसे द्या. कूपनच्या आडून काही करायची त्याला गरजच राहणार नाही.

आणि सुटीसाठी आधारकार्डाचा फोटो मागू नका. १५० रुपयांसाठी लोकांची कागदपत्रं गोळा करून ठेवणं हा वेगळाच धोका आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आला आहे. कामापुरती माहिती घ्यायची, कशासाठी घेतो ते सांगायचं.

कॅश ऑन डिलिव्हरी

कूपन आणि सीओडी एकत्र आले की परतीची खोकी वाढतात, कारण गिऱ्हाइकाच्या खिशातून काहीच गेलेलं नसतं. सोपा उपाय म्हणजे कूपन फक्त ऑनलाइन पैसे भरणाऱ्याला. पण आपल्याकडे तालुक्याच्या पलीकडचं गिऱ्हाईक वस्तू हातात आल्याशिवाय पैसे देत नाही, आणि नेमकं तेच तुम्हाला नवं जोडायचं असतं.

यावर आम्हाला सगळ्यात पटणारा मार्ग असा: पहिल्या सीओडी ऑर्डरवर सूट देऊच नका, खोक्यात दुसऱ्या ऑर्डरचं कार्ड टाका. त्यावर खरवडून काढायचा, एकदाच चालणारा कोड, १०० रुपयांचा, ४५ दिवस मुदतीचा. हा कोड मिळवायला आधी खोकं सोडवावं लागतं, पूर्ण पैसे द्यावे लागतात. खोट्या नावाने खोकी मागवणाऱ्याला यात काहीच मिळत नाही.

तरीही सीओडीवर सूट द्यायची असेल तर ९९ रुपये आगाऊ घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या पैसे भरल्याच्या स्क्रीनशॉटवर माल सोडू नका, कारण तो मिनिटभरात बनवता येतो. बँक खात्यात किंवा गेटवेच्या पानावर रक्कम आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक दिसला, तरच पॅकिंग.

‘मित्राला सांगा’ आणि रीलवाले

रेफरलमध्ये, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाने नवं आणलं की, दोघांना १०० मिळतात, म्हणून लोक स्वतःच स्वतःचे मित्र होतात. साखळी ओळखायला सोपी असते: एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, सगळं तासाभरात, आणि सगळी बिलं किमान रकमेएवढी. बक्षीस लगेच देऊ नका. मित्राची ऑर्डर पोहोचली, परतीचे सात दिवस उलटले, मगच जमा. तेही बँकेत नको, पुढच्या खरेदीत वापरता येईल असं. महिन्याला एका माणसाला पाच रेफरलची मर्यादा ठेवा.

रील करणाऱ्यांना कोडमागे कमिशन देत असाल तर तोच नियम. परत आलेल्या ऑर्डरीचं कमिशन नाही, त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावरच्या ऑर्डरीचं नाही, हे पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून द्या.

माल परत आला की सुटीचं काय

‘२,००० च्या खरेदीवर ३०० सूट’ लावली. गिऱ्हाइकाने १,६०० ची साडी आणि ४०० चं ब्लाउज पीस घेतलं, १,७०० भरले. आठवड्यात ब्लाउज पीस परत. तुम्ही पूर्ण ४०० परत दिले तर साडी १,३०० ला गेली, मर्यादा पूर्ण न करता. हे जाणीवपूर्वक करणारे आहेत.

सूट दोन्ही वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटा. ३०० पैकी ब्लाउज पीसचा वाटा ६०, साडीचा २४०. परत करायचे ३४०. साडी तरीही १,३६० ला पडते, थोडी गळती राहतेच. ती बंद करायची तर सूट पूर्ण काढून फक्त १०० परत द्यावे लागतील. कागदावर बरोबर, पण चारशेची वस्तू परत करून शंभर हातात पडले तर गिऱ्हाईक परत येत नाही. प्रमाणातली वाटणी ठेवा, आणि एकाच खात्यावरून तिसऱ्यांदा हे झालं की त्या खात्याला मर्यादेवरची सूट बंद करा. बिलातच प्रत्येक वस्तूपुढे तिच्या वाट्याची सूट छापली तर समजावत बसावं लागत नाही, आणि जीएसटीची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालापुरतं बिल कमी केल्याचा कागद) काढतानाही आकडे तयार मिळतात. ‘एकावर एक फुकट’ असेल तर फुकटच्या नगाची किंमत शून्य न दाखवता रक्कम दोन्ही नगांवर वाटा, नाहीतर पैसे मोजलेला नग परत येतो आणि फुकटचा राहून जातो.

वस्तूच खराब निघाली असेल तर हे काहीही लावू नका. तिचे भरलेले पैसे पूर्ण परत, आणि उरलेल्या वस्तूवरची सूट कायम.

कुंपणच शेत खातं तेव्हा

ऑनलाइन कोड दुकानातल्या काउंटरवरही चालत असेल तर ही वाट नक्की तपासा. गिऱ्हाईक १,२०० चं बिल रोख देतं. काउंटरवरचा माणूस नंतर बिलात १० टक्क्यांचा कोड टाकतो. गल्ल्यात १,०८० जमा, १२० खिशात. गिऱ्हाइकाला कळत नाही, स्टॉक जुळतो, गल्लाही जुळतो.

बिलिंग सॉफ्टवेअरमधून दर आठवड्याला एक तक्ता काढा: कुणाच्या लॉगिनवरून किती कूपनं, त्यातली रोख किती, यूपीआय किती. एकाच्या लॉगिनवर रोखीची कूपनं इतरांच्या तिप्पट असतील तर त्या वेळचं कॅमेऱ्याचं चित्रीकरण बघा. कायमचा उपाय म्हणजे काउंटरवर कूपन लावायला गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ओटीपी जावा आणि बिलाचा मेसेज सुटीच्या आकड्यासकट जावा. सगळ्यांनी एकच लॉगिन वापरायची पद्धत असेल तर आधी ती मोडा, बाकीचं नंतर.

वेबसाइटवाल्याला विचारायचे तीन प्रश्न

पहिला: किंमत आणि सूट कुठे मोजली जाते? ब्राउझरमध्ये मोजून तीच रक्कम गेटवेकडे जात असेल, तर जाणकार माणूस ती रक्कम वाटेत बदलू शकतो. सर्व्हरवर, म्हणजे साइट चालते त्या संगणकावर, परत मोजायला हवी, आणि गेटवेकडून आलेली रक्कम ऑर्डरशी जुळली तरच ऑर्डर पक्की.

दुसरा: एकच कोड दोन टॅबमध्ये एकाच क्षणी वापरला तर? साइट आधी ‘वापरलाय का’ बघते आणि मग ‘वापरला’ असं लिहिते. या दोन कामांच्या मधल्या फटीत दुसरी ऑर्डर घुसते. बघणं आणि लिहिणं डेटाबेसच्या एकाच आदेशात व्हायला हवं. तपासायला दोन फोन घ्या, दोन्हींवर तोच कोड टाका आणि एकदम बटण दाबा. दहादा करून बघा.

तिसरा: ऑर्डर रद्द केली की कूपन परत जिवंत होतं का? वूकॉमर्समध्ये रद्द ऑर्डरीचा आकडा वापरातून वजा होतो. पैसे भरताना नेट गेलं तर ते योग्यच आहे. पण माल निघाल्यावर रद्द होत असेल तर कूपन मेलेलंच राहिलं पाहिजे.

ऑफर चालू असताना

पहिले दोन तास कुणीतरी पडद्यासमोर बसावं. तासाला किती कूपनं वापरली जातात आणि कुठल्या सुरुवातीच्या कोडची, एवढं बघा. ठरवलेल्या खर्चाच्या निम्म्यावर आलं की मेसेज, ऐंशी टक्क्यांवर फोन, शंभरला कोड आपोआप बंद. कोड बंद कसा करायचा ते दुकानातल्या किमान दोघांना यायला हवं, कारण असल्या गोष्टी नेमक्या रविवारी रात्री होतात.

कोड फुटलाच, तर आधी बंद करा. मग आलेल्या ऑर्डरी दोन ढिगांत लावा. ज्यांनी एक ऑर्डर टाकून पैसे भरले त्यांना माल द्या, नुकसान सोसून. चूक तुमची होती. एकाच माणसाच्या डझनभर ऑर्डरी असतील तर एक द्या आणि बाकीचे पैसे त्याच दिवशी, पूर्ण परत करा. पैसे अडकवून ठेवलेत तर बाजू उलटते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण करायचं असतं.

नियम आपल्यालाही आहेत हे विसरू नका. माल पन्नास नगच असेल तर जाहिरातीत ‘५० नग’ लिहा. आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवर २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. ‘फक्त १० मिनिटं शिल्लक’ म्हणणारं आणि पान परत उघडलं की नव्याने सुरू होणारं घड्याळ नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या पानरचनेविषयीच्या) सूचनांत खोटी घाई म्हणून मोडतं.

तीनदा सूट घेणाऱ्या शेजाऱ्यासाठी पोलिसांत जाण्यात अर्थ नाही. पण कुणी दुसऱ्यांच्या नावाने शेकडो खाती उघडून माल उचलत असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड लागू होऊ शकतं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, नाहीतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. सोबत ऑर्डर क्रमांक, तारीख-वेळ, फोन नंबर, यूपीआय व्यवहार क्रमांक आणि कुरिअरची पोच द्या. म्हणून या नोंदी ऑफर संपल्यावर लगेच पुसू नका.

ऑफर संपून ६० दिवस झाले की एकच यादी काढा: कूपनने आलेल्यांपैकी पूर्ण किमतीला परत कोण आलं, पिनकोडप्रमाणे. एखाद्या पिनकोडवरून शंभर कूपनं गेली आणि परत कुणीच आलं नाही, तर तिथल्या पत्त्यांच्या चाव्या एकदा डोळ्यांखालून घाला. ज्या पिनकोडवरून वीसच गेली पण आठ जण परत आले, तिथे पुढच्या वेळी शंभर पाठवा.